मांजराचं पोट सारखं बिघडतंय? खाणं आणि औषधं नेमक्या कुठल्या क्रमाने करायची

आठवड्यातून दोनदा उलटी, शी दोन दिवस बरी की परत पातळ, वजन हळूहळू उतरतंय, आणि घरात चार वेगवेगळ्या फूडची पाकिटं अर्धवट उघडी. हे चित्र मी इतक्या घरांत बघितलंय की शेवटी सगळं एका जागी लिहायचं ठरवलं. माझ्या स्वतःच्या बोक्यालाही आतड्याच्या सुजेचा हाच त्रास आहे आणि ठरलेलं खाणं आणि गोळ्या यांच्यावर तो मस्त आहे, म्हणजे हे जमतं. फक्त बहुतेक जण फूड, जंताचं औषध, अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकाच आठवड्यात सुरू करतात, मग बरं वाटलं तर कशाने वाटलं ते कळत नाही आणि नाही वाटलं तर काय बंद करायचं तेही कळत नाही. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका, एका वेळी एकच बदल.

हे सगळं तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेल्या त्रासासाठी आहे. कालपासून सुरू झालेल्या जुलाबांसाठी नाही. आणि डोस जिथे लिहिलेत ते तुम्हाला डॉक्टरांचं बोलणं समजावं म्हणून लिहिलेत, घरी स्वतःच्या मनाने सुरू करायला नाही.

आधी हे तपासा: यातलं काही दिसलं तर पुढे वाचू नका, डॉक्टरांकडे पळा

बोका लिटरमध्ये (शी-शूच्या बॉक्समध्ये) सारखा बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि बाहेर काही येत नाहीये. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, इसबगोल देऊन बघू. पण बोक्यांमध्ये लघवी अडकते तेव्हा अगदी असंच दिसतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्यामुळे लिटरमध्ये लघवीचा गोळा शेवटचा कधी दिसला ते आधी बघा.

२४ तासांत काहीच खाल्लं नाही. माणसासारखा किंवा कुत्र्यासारखा उपास मांजराला चालत नाही, खास करून जाड मांजराला. दोन-तीन दिवस खाणं बंद राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते, याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात, आणि मग मूळ पोटाचा त्रास बाजूला राहून हाच मोठा आजार होऊन बसतो. "पोटाला आराम देऊ" म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका.

पाणीसुद्धा टिकत नाहीये, शी डांबरासारखी काळी आहे, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडल्यात, लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि जुलाब एकदम सुरू झालेत (पॅनल्यूकोपेनिया हा जीवघेणा व्हायरल आजार असू शकतो), किंवा तोंडातून नाहीतर मागून दोरा लोंबतोय, तरीही तसंच निघा. दोरा ओढायचा नाही, कापायचाही नाही, आतलं आतडं चिरतं.

टप्पा १: वही आणि वजनकाटा

पहिला खर्च फूडवर नको, काट्यावर करा. स्वयंपाकघरातला १० किलोपर्यंतचा डिजिटल काटा असतो तो चालतो, वर टोपली ठेवायची, शून्य करायचं आणि मांजर टोपलीत बसवायचं. मांजराला उचलून माणसांच्या काट्यावर उभं राहून वजाबाकी करण्यात अर्थ नाही कारण त्या काट्यात १००-२०० ग्रॅम इकडेतिकडे सहज होतात, आणि ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम म्हणजे ५ टक्के वजन झालं, तेवढा फरक आम्हा लोकांना डोळ्याने दिसत नाही कारण वर केस असतात. आठवड्यातून एकदा, त्याच वेळेला, खाण्याआधी.

वहीत रोज चार गोष्टी: काय आणि किती खाल्लं, उलटी झाली का, शी कशी होती, कुठलं औषध दिलं. एवढंच. पण उलटी आणि शी जरा नीट लिहायची.

उलटीत पोट आत-बाहेर होतं, मांजर आधी चाटतं, आवाज करतं, मग बाहेर येतं. खाल्ल्यावर लगेच मान खाली घालून, काहीच जोर न लावता अख्खं खाणं नळीच्या आकारात बाहेर पडलं तर ती उलटी नाही, तो अन्ननलिकेचा प्रश्न असू शकतो आणि त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात. व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा तो जास्त सांगतो.

शीचं असं बघा. दिवसातून एक-दोनदाच पण ढीगभर पातळ, आणि वजनही उतरतंय, तर बहुतेक लहान आतडं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी, शेंबडासारखं चिकट, वर ताजं लाल रक्त, जोर लावणं, तर बहुतेक मोठं आतडं. हा फरक सांगितला की डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं.

आणि हेअरबॉलबद्दल. "मांजरं उलट्या करतातच" हे वाक्य मला मनापासून खुपतं, कारण याच वाक्यामुळे मांजरं वर्षानुवर्षं सुजलेल्या आतड्याने जगतात. लांब केसांच्या पर्शियनने कधीतरी केसांचा गोळा काढला तर ठीक, पण साध्या आखूड केसांच्या देशी मांजराला दर आठवड्याला उलटी होत असेल तर ते नॉर्मल नाही, केस बाहेर आले तरी नाही.

तपासा: घरात एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर पातळ शी नेमकी कोणाची? खात्री नसेल तर एकेकाला एक दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या लिटरसोबत ठेवा. भलत्याच मांजरावर उपचार चाललेली घरं मला माहीत आहेत.

टप्पा २: शी तपासणी आणि जंत

हा टप्पा लोक "आम्ही जंताची गोळी दिली होती की" म्हणून सोडून देतात. कधी दिली, कुठली दिली, किती वजनाला दिली, हे विचारलं की उत्तर नसतं.

शीचा नमुना ताजा हवा, शक्यतो काही तासांच्या आतला, स्वच्छ कोरड्या डबीत, लिटरची माती जितकी कमी चिकटलेली तितकं चांगलं. एक नमुना पुरत नाही कारण जिआर्डियासारखे जंतू रोज शीतून बाहेर पडत नाहीत, त्यामुळे दिवसाआड तीन नमुने द्या किंवा जिआर्डियाची वेगळी रॅपिड टेस्ट मिळते ती विचारा. नमुना निगेटिव्ह आला तरी बरेच डॉक्टर फेनबेन्डाझोल या जंताच्या औषधाचा तीन ते पाच दिवसांचा कोर्स देतातच आणि ते बरोबरच आहे. तो पाच दिवस सांगितला तर पाच दिवस द्यायचा, दुसऱ्या दिवशी शी घट्ट झाली म्हणून थांबवायचा नाही.

शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात ते टेपवर्मचे, त्याला प्राझीक्वान्टेल लागतं. पण तो जंत पिसवांमधून येतो, मांजर अंग चाटताना पिसू गिळतं, त्यामुळे पिसवांचं औषध सोबत केलं नाही तर महिन्याभरात परत तेच.

सावध: पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावायचं नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच स्पॉट-ऑनमध्ये (मानेवर सोडायच्या थेंबांमध्ये) परमेथ्रिन असतं, ते मांजराला झटके आणतं आणि मारतं. पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन दोन्ही बघा.

वय लहान, घरात बरीच मांजरं, शी घाण वासाची आणि महिनोन्महिने पातळ, पण मांजर मात्र खेळतंय, खातंय, असं असेल तर ट्रायट्रायकोमोनास या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचं नाव डॉक्टरांसमोर काढा. साध्या तपासणीत तो सहज सुटतो, पीसीआर टेस्ट लागते, आणि मेट्रोनिडाझोल या नेहमीच्या अँटिबायोटिकने तो जात नाही.

जिआर्डिया निघाला तर औषधाइतकीच सफाई महत्त्वाची. लिटर रोज दोनदा उपसायचं, बॉक्स गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण कोरडा करायचा, आणि कोर्सच्या शेवटी मांजराचा मागचा भाग धुवायचा कारण केसांना चिकटलेलं परत चाटलं जातं.

तपासा: जंतांचा कोर्स संपल्यावर साधारण दोन आठवडे दुसरा काहीही बदल न करता वहीत काय दिसतंय ते बघा. त्रास गेला तर पुढचं काही लागणारच नाही.

टप्पा ३: रक्त आणि सोनोग्राफी, आणि ती कशाच्या आधी करायची

पोट बिघडण्याचं कारण दर वेळी पोटातच असतं असं नाही. ८-१० वर्षांच्या पुढचं मांजर भरपूर खातंय, वजन मात्र उतरतंय, उलट्या, चिडचिड, तर थायरॉइड वाढलेलं असू शकतं, त्याला टी-४ टेस्ट. किडनी खराब असली तरी उलट्या होतात, डायबेटिसमध्येही वजन उतरतं, पॅन्क्रियाजला सूज असेल तर मांजर फक्त मलूल होऊन कोपऱ्यात बसतं. म्हणून सीबीसी, किडनी, लिव्हर, शुगर, टी-४, आणि मांजरांच्या ल्यूकेमिया आणि एफआयव्ही या दोन व्हायरसची टेस्ट, एवढं एकदा करून घ्याच. पॅन्क्रियाजची वेगळी टेस्ट आणि बी१२ जमलं तर त्याच रक्तातून.

इथे क्रमाच्या दोन चुका सगळ्यात जास्त होतात आणि दोन्ही महागात पडतात.

पहिली, बी१२. पहिल्याच भेटीत अशक्तपणा आहे म्हणून बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन टोचलं जातं आणि मग आठवड्याने बी१२ तपासलं तर आकडा छान दिसतो. तो आकडा इंजेक्शनचा असतो, मांजराचा नाही. रक्त आधी, इंजेक्शन नंतर, हे तुम्ही स्वतः आठवण करून द्या.

दुसरी, स्टिरॉइड. आतड्याची सूज आणि आतड्याचा हळू वाढणारा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, हे दोन्ही बाहेरून एकसारखे दिसतात आणि स्टिरॉइडने दोन्ही काही काळ सुधारतात. आधी स्टिरॉइड दिलं आणि नंतर बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणी) केली तर रिपोर्ट धूसर येऊ शकतो. म्हणून स्टिरॉइडच्या आधी निदान सोनोग्राफी तरी हवी, आणि बायोप्सी करायची की नाही याची चर्चा स्टिरॉइड सुरू व्हायच्या आधी व्हायला हवी, नंतर नाही. बायोप्सी प्रत्येकाला परवडते असं नाही, भूल द्यावी लागते, म्हाताऱ्या मांजराला ती नकोही वाटते, ते सगळं समजू शकतं. पण नाही करायची तर तो ठरवून घेतलेला निर्णय असू दे, राहून गेलेली गोष्ट नको.

सोनोग्राफीला रिकामं पोट लागतं, किती तास ते डॉक्टरांना विचारा आणि तेवढेच ठेवा.

छोट्या गावात राहणाऱ्यांची इथे अडचण होते. तुमच्याकडे मांजराची सोनोग्राफी होत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांमध्ये चौकशी करा, परळ (मुंबई), नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे ती आहेत. जाताना वही न्या आणि आधीचे सगळे कागद न्या, व्हॉट्सॲपवर विखुरलेले फोटो नकोत.

टप्पा ४: फूड ट्रायल, इथेच सगळं बिघडतं आणि इथेच सगळं सुधारतं

तपासण्यांत काही ठोस निघालं नाही आणि मांजराची तब्येत फार खालावलेली नसेल तर पुढचं पाऊल औषध नाही, खाणं: काही आठवडे फक्त एकच ठरलेलं फूड देऊन फरक बघायचा, हीच फूड ट्रायल. जुनाट पोटाच्या त्रासातली बरीच मांजरं फक्त खाणं बदलून सुधारतात, आणि त्यांना आयुष्यभराची गोळी लागत नाही. म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

*तयारी.* आधी यादी करा की या मांजराने आजपर्यंत काय काय खाल्लंय. चिकन, मासे, अंडं, दूध, पनीर, ट्रीट, माल्ट पेस्ट (केसांच्या गोळ्यासाठी देतात ती), फ्लेवरवाली जंताची गोळी, सगळं. मग घरातल्या प्रत्येकाशी बोला. आजी दुपारी दुधाची साय देते, मुलगा चिप्स देतो, शेजारच्या काकू गॅलरीतून बोंबील टाकतात, कामवाल्या ताई प्रेमाने काहीतरी ठेवतात. यातलं एक जरी चालू राहिलं तर ट्रायल फुकट गेली. फ्रिजवर कागद चिकटवा: "याला काहीही देऊ नका, आजारी आहे." मांजर बाहेर फिरणारं असेल तर या काळात घरात ठेवावं लागेल, दुसरा इलाज नाही. आणि घरात दुसरं मांजर असेल तर वाट्या उचलून ठेवायच्या, वेळेवर जेवण, वेगळ्या खोलीत.

*निवड.* तीन रस्ते आहेत. एक, पचायला हलकं गॅस्ट्रोइंटेस्टायनल फूड. दोन, हायड्रोलाइज्ड फूड, ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्याला ओळखून चिडत नाही. रॉयल कॅनिनचं हायपोअलर्जेनिक, हिल्सचं झेड-डी, फार्मिनाच्या व्हेट लाइफमधलं अल्ट्राहायपो हे त्यातले. तीन, मांजराने कधीच न खाल्लेलं प्रोटीन. आपल्याकडे तिसऱ्यात पर्याय कमी, कारण चिकन आणि मासे प्रत्येक मांजराने खाल्लेले असतात. बोकडाचं मटण कधीच दिलं नसेल तर ते एक होऊ शकतं. बदक किंवा लाव्ही घेताना जपून, चिकनला चिडणारं मांजर दुसऱ्या पक्ष्याच्या मांसालाही चिडू शकतं.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवू नका. पुढे मोठ्ठं "ओशन फिश" किंवा "ट्यूना" आणि मागे घटकांमध्ये चिकन, हे सर्रास असतं. तसंच "ग्रेन फ्री" म्हणजे पोटाला चांगलं असंही नाही, मांजरांना ॲलर्जी असलीच तर ती बहुतेक वेळा मांसाची, माशांची किंवा दुधाची असते, धान्याची क्वचित.

*बदल.* जुनं तीन भाग, नवं एक भाग, असं दोन-तीन दिवस. मग निम्मं-निम्मं, मग एक-तीन, मग पूर्ण नवं. एकूण ७ ते १० दिवस. लोक हे एका दिवसात करतात, जुलाब वाढतात आणि "हे फूड सूट होत नाही" म्हणून पाचव्या दिवशी तिसरं फूड येतं. ते फूडमुळे नसतं, घाईमुळे असतं.

मांजराने तोंडच लावलं नाही तर? वेट फूड असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, वास सुटला पाहिजे. पसरट बशीत द्या, दिवसाचे चार-पाच छोटे वाटे करा, वीस मिनिटांनी उचला. आणि परत सांगतो, भूक लागली की खाईल असं म्हणून दोन दिवस थांबायचं नाही. नाहीच खाल्लं तर दुसरं फूड निवडा.

*किती दिवस.* पूर्ण नव्या फूडवर आल्यापासून दोन आठवडे, शंभर टक्के काटेकोर. त्वचेच्या ॲलर्जीला आठ-आठ आठवडे लागतात पण पोटाचा फरक बहुतेक मांजरांत या दोन आठवड्यांत दिसतो. दिसला तर तेच खाणं दोन-तीन महिने चालू ठेवा. नाही दिसला तर दुसऱ्या प्रकारचं फूड, परत तसंच. एक फूड फसलं म्हणजे "खाण्याने काही होत नाही" असं होत नाही, मांजराची अवस्था बरी असेल तर स्टिरॉइडच्या आधी निदान दोन वेगवेगळे प्रकार तरी करून बघायला हवेत.

*घरी शिजवून देत असाल तर* हे नीट वाचा, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने शिजवलेल्या चिकन-भातातून होतं. उकडलेलं नुसतं चिकन हे पूर्ण अन्न नाही. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि टॉरिन हे अमिनो ॲसिड मांजराला बाहेरूनच मिळावं लागतं, ते उकळताना पाण्यात उतरतं आणि आपण ते पाणी ओतून देतो. टॉरिन कमी पडलं की हृदयाचे स्नायू सैल पडतात आणि डोळ्याचा पडदा खराब होतो, आणि हे काही महिन्यांनी कळतं, तोवर उशीर होतो. मोठ्या मांजराला ट्रायलपुरतं दोन-तीन आठवडे साधं शिजवलेलं चालून जातं, पिल्लाला तेही नाही. त्यापुढे द्यायचं तर पशुआहार कळणाऱ्या डॉक्टरांकडून सप्लिमेंटसकट मापं लिहून घ्या. मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीच नाही. कांदा-लसूण तर मांजराच्या लाल रक्तपेशी फोडतात, त्यामुळे आपल्या रश्शातला तुकडा धुऊन दिला तरी नको.

दहीभाताबद्दल विचारणारच तुम्ही. दह्यात दुधापेक्षा लॅक्टोज कमी असतं हे खरं, पण दुधाचं प्रोटीन तेच असतं, आणि ट्रायल चालू असताना तर तो सरळ नियमभंग आहे. दूध तर नकोच, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

*मोजून द्या.* ४ किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. ड्राय फूड १०० ग्रॅमला बहुधा ३५० ते ४०० असतं, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास झालं दिवसाचं. वाटीने नाही, काट्याने. वजन उतरलेल्या मांजराचं माप डॉक्टर वाढवून देतील.

सावध: पावसाळ्यात, खास करून कोकण-मुंबई-गोव्याकडे, उघडं ड्राय फूड दमट होतं, त्यातली चरबी खवट होते, बुरशीही धरते, आणि मग चांगलं फूड देऊनही जुलाब. छोटं पाकीट आणा, मूळ पाकिटासकट हवाबंद डब्यात ठेवा, दुकानातलं सुटं पिशवीत भरून दिलेलं घेऊ नका. वेट फूड उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर नको.

टप्पा ५: बी१२

लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजला की बी१२ शोषलं जात नाही, आणि बी१२ कमी असलं की भूक मरते, वजन भरत नाही आणि बाकीचे उपचारही लागू पडत नाहीत. त्यामुळे रिपोर्टमध्ये कमी आलं असेल तर हे आधी भरून काढायचं. नेहमीची पद्धत म्हणजे त्वचेखाली २५० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, मग महिन्याने एक, आणि त्यानंतर परत तपासणी. इंजेक्शन घरी द्यायला डॉक्टर शिकवतात, सुई बारीक असते, फार अवघड नाही. रोज तोंडाने द्यायचा पर्यायही आता मान्य आहे, टोचून घेत नसेल तर विचारा. माणसांचं लाल रंगाचं बी-कॉम्प्लेक्स याच्या जागी नाही चालत, त्यात बी१२ किती ते वेगळं असतं आणि ते टोचताना झोंबतं.

प्रोबायोटिक द्यायचं असेल तर मांजरांसाठी असलेलं द्या, आणि फूड ट्रायल संपल्यावर वेगळं सुरू करा, सोबत नाही. बऱ्याच पावडरींमध्ये चिकनचा किंवा लिव्हरचा फ्लेवर असतो.

टप्पा ६: स्टिरॉइड आणि बाकी औषधं

खाण्याने पूर्ण भागलं नाही तर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. नाव नीट वाचा, प्रेडनिसोलोन, प्रेडनिसोन नाही, कारण प्रेडनिसोनचं रूपांतर मांजराच्या शरीरात नीट होत नाही. सुरुवात बहुधा किलोला १ ते २ मिलिग्रॅम रोज अशी असते, आणि फरक पडला की दर दोन-चार आठवड्यांनी डोस कमी करत करत ज्या सगळ्यात कमी डोसवर मांजर ठीक राहतं तिथे थांबतात. काही मांजरांचं पूर्ण बंद होतं, काहींना दिवसाआड छोटी गोळी कायम लागते, आणि कायम लागली तरी त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

या टप्प्यावरच्या चुका: शी घट्ट झाली म्हणून एका दिवसात बंद करणं (शरीर कॉर्टिसोल, म्हणजे स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवायचं विसरलेलं असतं, मांजर कोसळू शकतं). डोस कमी करताना त्याच आठवड्यात फूडही बदलणं. सोबत मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्याचं औषध देणं, त्याने पोटात अल्सर होतात, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर स्टिरॉइड चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि गोळी देण्याचा त्रास नको म्हणून महिनाभर टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन मागणं. ते एकदा दिलं की काढून घेता येत नाही, कमी करता येत नाही, आणि डायबेटिसचा धोका वाढतो. गोळी घेतच नसेल अशा मांजरासाठी तो शेवटचा मार्ग.

तपासा: स्टिरॉइडवर मांजर एकदम जास्त पाणी प्यायला लागलं, लिटरमधले लघवीचे गोळे मोठे झाले, तर शुगर तपासा. आधीच डायबेटिस असेल तर डॉक्टर बुडेसोनाइडसारखा पर्याय बघतात.

सूज फार असेल किंवा लिम्फोमा निघाला तर क्लोरॅम्ब्युसिल ही कॅन्सरवरची गोळी जोडतात. कॅन्सर शब्द ऐकून हातपाय गळतात, पण हळू वाढणाऱ्या प्रकारात या दोन गोळ्यांवर बरीच मांजरं दोन वर्षं आणि त्याहून जास्त चांगली जगतात. ही गोळी मोडायची नाही, कुटायची नाही, ग्लोव्ह घालून द्यायची, घरात कोणी गरोदर असेल तर तिने हात लावायचा नाही, आणि ठरलेल्या वेळी सीबीसी चुकवायचं नाही.

मेट्रोनिडाझोलबद्दल थोडं स्पष्टच बोलतो. ते दिलं की दोन दिवसांत शी घट्ट होते, सगळे खूश, बंद केलं की पंधरा दिवसांत परत तेच, परत कोर्स, असं वर्षभर चाललेलं असतं. ते आतड्यातले चांगले जंतूही मारतं आणि जास्त डोसमध्ये मांजराचा तोल जातो. तिसऱ्यांदा लिहून दिलं तर "मूळ कारण काय वाटतं?" असं नम्रपणे पण नक्की विचारा.

उलटीसाठी मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन, भूक लागावी म्हणून मिर्टाझॅपिन, ही आधाराची औषधं आहेत, फार उपयोगी आहेत, फक्त ती चालू असताना "उलटी थांबली म्हणजे फूड लागू पडलं" असा निष्कर्ष काढू नका. मिर्टाझॅपिन अगदी छोट्या डोसमध्ये आणि बहुधा दिवसाआड देतात, जास्त झालं तर मांजर रात्रभर ओरडत फिरतं.

सावध: माणसांच्या औषधाच्या डब्यातलं काहीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. जुलाबाची लोपेरामाइड, पोटाचं गुलाबी सिरप, दुखण्याच्या गोळ्या, काहीच नाही.

टप्पा ७: गोळी पोटात जाईल अशी देणं

गोळी आधीच तयार ठेवा (तोडायची असेल तर तोडून, क्लोरॅम्ब्युसिल मात्र अख्खीच), सोबत बिनसुईच्या सिरिंजमध्ये ५ मिली पाणी. मांजर टॉवेलमध्ये गुंडाळा, तोंड तुमच्यापासून उलट दिशेला, पाठ तुमच्या पोटाला. एका हाताने वरून गालाची हाडं धरून नाक छताकडे करा, खालचा जबडा आपोआप जरा सैल होतो, दुसऱ्या हाताच्या बोटाने तो उघडून गोळी जिभेवर जितकी मागे जाईल तितकी सोडा, तोंड मिटा. मग गालाच्या बाजूने पाणी थोडं थोडं. हे पाणी टाळू नका, कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत चिकटून बसते आणि डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी तिथे जखम करून नळी आखडवते.

कडू गोळी कुटून फूडमध्ये मिसळायची नाही. मांजर ते फूडच कायमचं सोडतं आणि महिनाभर मेहनत करून बसवलेलं खाणं एका दिवसात जातं. कडू असेल तर डॉक्टरांना विचारून छोट्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरा. गोळीनंतरचा लाड त्याच ट्रायल फूडच्या दाण्याने.

टप्पा ८: पुढचे महिने

वजन दर आठवड्याला चालूच. खाणं किंवा डोस यातला कुठलाही बदल केल्यावर दोन आठवडे बाकी सगळं स्थिर. परत बिघडलं तर घाबरून डोस वाढवण्याआधी याच क्रमाने मागे जा: कोणी काही खाऊ घातलं का, फूडचं पाकीट नवं उघडलंय का किंवा कंपनीने घटक बदललेत का, जंतांचं औषध कधी झालंय, गोळी खरंच पोटात जातेय का की सोफ्यामागे थुंकलेल्या सापडतायत. बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं. नाही मिळालं तर डॉक्टर.

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावाला जाताना मांजर कोणाकडे ठेवणार असाल तर पुरेल त्याच्या दीडपट फूड आणि गोळ्या द्या, कारण हे फूड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही आणि ऑनलाइन यायला दिवस लागतात. गोळ्या वारांप्रमाणे छोट्या पुड्यांमध्ये भरून वर तारीख लिहा. सांभाळणाऱ्याला गोळी कशी द्यायची ते एकदा समोर करून दाखवा आणि एकदा त्यांच्याकडून करून घ्या, डॉक्टरांचा नंबर, मांजराचं शेवटचं वजन आणि "२४ तास खाल्लं नाही तर मला नाही, थेट डॉक्टरांना फोन करा" हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात.